नकाशावर कुणी नाही, म्हणजे नक्की काय?

मागच्या खेपेला आम्ही इथं जालना एमआयडीसीत बोलायला आलो, तेव्हा विषय होता 'प्रमाण म्हणजे काय'. आपल्याला एखादी गोष्ट कळली, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा तो प्रश्न. व्याख्यान संपलं, मंडळी पांगली आणि सळईच्या मिलमध्ये काम करणारा एक तरुण जवळ आला. म्हणाला, "सर, काल रात्री मी मॅप बघत होतो. मॅपवर कुणीच नव्हतं. तरी मेलो. हे कोणत्या प्रमाणात बसतं?"

मेला तर हा आमच्यासमोर उभा कसा, हेच आधी कळेना. (हशा) मग त्यानं मोबाईल काढला. तो बीजीएमआयबद्दल बोलत होता. त्या दिवशी चहाच्या टपरीवर आम्ही तासभर बसलो आणि नंतरचे चार रविवार त्याच्या स्क्वॉडच्या मागं बसून नुसतं बघितलं. स्वतः खेळायचा प्रयत्न केला, पण सत्तरी ओलांडलेले अंगठे ऐकत नाहीत. तेव्हा आज जे सांगतोय ते खेळाडू म्हणून नाही, बघ्या म्हणून. चुकलं तर पोरांनी दुरुस्त करावं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2020 च्या सप्टेंबरात पब्जी मोबाईलवर आपल्याकडं बंदी आली आणि 2021 च्या जुलैत हा त्याचा भारतीय अवतार आला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, बहुतेकदा चौघाचौघांच्या टोळ्यांनी. शेवटी उरेल ती टोळी जिंकली. सगळ्यात जुना नकाशा एरांगेलचा, आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटर. (हे नाव मूळ खेळ रचणाऱ्या ब्रेंडन ग्रीन यांनी आपल्या मुलीच्या नावावरून घडवलं. लढाईच्या मैदानाला लेकीचं नाव, असो.) पडद्याच्या कोपऱ्यात या नकाशाचा छोटा तुकडा सतत दिसतो. त्यात आपण, आपले तीन साथीदार आणि पुढचं सुरक्षित वर्तुळ. पोरं त्याला 'झोन' म्हणतात. झोन आक्रसत जातो, बाहेर राहिलात तर जीव जातो. जवळपास कुणी धावलं तर पावलांची खूण उमटते, गोळी झाडली तर गोळीची.

नीट ऐका, शत्रू स्वतः त्या नकाशावर दिसत नाही. दिसते ती त्याच्या आवाजाची खूण. आमच्या मित्राची सगळी भानगड इथंच होती.

त्याची टोळी दक्षिणेच्या बेटावर, मिलिटरी बेसवर उतरली होती. लूट चांगली मिळाली. झोन मात्र पडला वर, मोठ्या जमिनीवर. त्या बेटावरून गाडीनं निघायचं तर दोनच पूल. यानं पुलाच्या तोंडाशी गाडी थांबवली, नकाशा बघितला. पावलं नाहीत, गोळी नाही. निघाला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला दोघं जण गाडीच्या आडोशाला पडून होते. खेळ खल्लास.

आता शास्त्राकडं या. सातव्या शतकाच्या सुमाराचे मीमांसक कुमारिल भट्ट यांनी 'अनुपलब्धी' हे वेगळं प्रमाण मानलं. समोर जमिनीवर घडा नाही, हे मला कसं कळलं? घडा दिसला असता तर डोळ्यांनी कळलं म्हणालो असतो. पण 'नसणं' डोळ्यांना कसं दिसेल? कुमारिलांचं उत्तर असं, की न आढळणं हेच इथं ज्ञानाचं साधन. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, तो वाद मोठा आहे, आज सोडून देऊ. पण एका अटीवर दोघांचंही लक्ष आहे आणि ती अट आपल्या कामाची. न आढळणं 'योग्य' हवं. म्हणजे, वस्तू तिथं असती तर मला आढळलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. याला म्हणतात योग्यानुपलब्धी.

पुलावर काय झालं ते या अटीला लावून बघा. पडून राहिलेला माणूस पावलं वाजवत नाही. मग नकाशावर पावलांची खूण नसणं हा त्याच्या नसण्याचा पुरावा कसा होईल? नकाशा एवढंच सांगत होता, की जवळपास धावणारं कुणी नाही. आमच्या मित्रानं ते वाचलं 'कुणी नाही'. नकाशा बरोबर होता. वाचन चुकलं.

पोरं ज्याला मॅप अवेअरनेस म्हणतात, नकाशाचं भान, त्याचा गाभा आम्हाला इथं दिसतो. सगळे सल्ला देतात, "मिनिमॅप बघत जा." बघणं लागतंच, पण बघून भागत नाही. रिकामी जागा दिसली की विचारायचं, इथं कुणी असतं तर मला कळलं असतं का? हो असेल, तर बिनधास्त चाला. नाही असेल, तर ती जागा रिकामी नाही, नुसती अंधारी आहे.

घरातलं उदाहरण देतो. दोन वर्षांचं पोर शेजारच्या खोलीत खेळतंय. खडखड, बडबड चालू आहे तोवर आई निवांत भाजी निवडते. आवाज बंद झाला की पाचव्या मिनिटाला ती उठते. कारण तिला माहीत आहे, जागं पोर गप्प बसत नाही. बसलं असेल तर पिठाच्या डब्यात हात आहे. (हशा) या बाईनं कुमारिल वाचलेला नाही. आमच्या मित्रालाही हे येत होतंच. मिलमध्ये रोलिंगचा धडधडाट अखंड चालू असतो, पण तो थांबला की सगळ्यांच्या माना वर होतात, असं तोच आम्हाला सांगत होता. सळई कुठंतरी अडकली, बाहेर उसळली असेल. आम्ही म्हटलं, अरे, मग मिलमधली ही शांतता तुला वाचता येते, पुलावरची का आली नाही? तर म्हणाला, "सर, मिलमध्ये हात भाजतो."

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगायला हवा, कारण त्याशिवाय आम्ही चार रविवार मोबाईलच्या मागं घालवले नसते.

सहा वर्षांपूर्वी आम्हाला काचबिंदू निघाला. डाव्या बाजूची नजर बरीच गेली. तोपर्यंत आमची समजूत अशी, की नजर गेली की तिथं काळं दिसत असणार. तसं होत नाही. बहुतेकांना काळा डाग दिसत नाही, मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगानं भरून टाकतो. रस्ता सलग दिसतो, नुसता त्यातला माणूस गळालेला असतो. रोग निघण्याच्या महिनाभर आधी, याच एमआयडीसीच्या रस्त्यावर, एका गेटसमोर आम्ही डावीकडं बघितलं, कुणी नव्हतं, आणि पाऊल टाकलं. सळया भरलेला ट्रक मागं येत होता. क्लीनरनं ट्रकच्या अंगावर हात आपटला, आम्हाला शिवी दिली, तिच्यामुळं वाचलो. घरी येऊन आम्ही काय सांगितलं असेल? "अरे, रस्त्यावर कुणीच नव्हतं!" आयुष्यभर वर्गात योग्यानुपलब्धी शिकवलेला माणूस हे म्हणाला.

म्हणून टपरीवर त्या पोराच्या तोंडून तेच वाक्य ऐकलं तेव्हा आम्ही खाली बसलो.

डोळ्यांचं आणखी एक. निरोगी डोळ्यालाही सगळं स्पष्ट दिसत नाही. हात लांब करून अंगठा धरा. नखाच्या रुंदीएवढीच जागा आपल्याला खरी बारीक दिसते, बाकी पुसट. म्हणजे नेम धरलेल्या गड्याकडं बघताना कोपऱ्यातल्या नकाशावरची खूण वाचता येणं कठीण. नजर तिथं न्यावीच लागते. मग न्यायची कधी? "दर पाच सेकंदांनी" असं सांगतात, पण सेकंद कोण मोजतो? त्या टोळीतला जो सगळ्यात कमी मरतो, त्याला आम्ही निरखलं. तो सेकंद मोजत नाही. त्याचं बघणं हाताच्या कामाला बांधलेलं आहे. बंदूक भरली की नकाशा. दार ओलांडलं की नकाशा. प्रथमोपचाराला सहा-आठ सेकंद लागतात, तेवढा वेळ इतर पोरं स्वतःच्या जखमी गड्याकडं बघत बसतात, हा नकाशा वाचतो. जेवताना घास गिळल्यावर पाणी प्यावं तसं. मोठा नकाशा मात्र तो भिंतीच्या आड गेल्याशिवाय उघडत नाही, कारण तेवढा वेळ आपण स्वतः आंधळे असतो.

वैमानिकांच्या बाबतीत या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. मायका एन्ड्स्ली या संशोधिकेनं 1995 मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. आजूबाजूला काय आहे ते टिपणं, त्याचा अर्थ लावणं आणि थोड्या वेळानं काय होईल ते ताडणं. पोरं पहिल्या पायरीचा सराव करतात आणि तिसरीवर मरतात. विमानाची रेषा नकाशावर दिसते तेव्हाच तिसरी पायरी सुरू व्हायला हवी. रेषेखालच्या मोठ्या वस्तीत, पोचिंकीसारख्या ठिकाणी, गर्दी असणार. दोन मिनिटांपूर्वी पूर्वेला गोळ्या वाजल्या आणि थांबल्या. तिथं कुणीतरी जिंकलंय, त्यालाही याच झोनमध्ये यायचंय, मग तो आत्ता कुठं असेल?

या ताडण्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. असई. 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि भोसल्यांचं सैन्य केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. आर्थर वेलस्ली केळनेच्या दक्षिणेला. वाटाड्यांनी सांगितलं, या बाजूला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं ताडलं, इतकी जवळ समोरासमोर गावं आहेत म्हणजे माणसं, गुरं ये-जा करत असणार, उतार असलाच पाहिजे. उतार होता. धूर बघून अग्नी ओळखावा तसं शुद्ध अनुमान.

इतिहासाच्या पुस्तकांत गोष्ट इथं संपवतात. आम्हाला पुढची जास्त मोलाची वाटते. पलीकडचा पोलमनही काही डोळे मिटून बसला नव्हता. इंग्रज बाजूनं येताहेत म्हटल्यावर त्यानं अख्खी फळी वळवून त्यांच्या समोर उभी केली. नकाशा बदलला होता. आणि वेलस्लीचाच एक अधिकारी, ऑरॉक, हुकूम नीट न समजल्यानं आपली तुकडी उजवीकडं सरकवत थेट असई गावाच्या तोफांसमोर घेऊन गेला. त्याच्यामागं 74 वी पलटणही गेली आणि कापली गेली. त्या दिवशी वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. सेनापतीच्या डोक्यातला नकाशा बरोबर असून भागत नाही, तो चौघांच्या डोक्यात एकच लागतो.

स्क्वॉडमध्ये हे रोज होतं. एक ओरडतो, "डावीकडं, डावीकडं!" कुणाच्या डावीकडं? चौघांची तोंडं चार दिशांना. डावं-उजवं हे ज्याच्या त्याच्या अंगाला चिकटलेलं असतं. कान्टनं 1768 मध्ये यावर एक निबंधच लिहिला. आपल्या शेतकऱ्याला तो वाचायची गरज नाही. तो "डावीकडचा बांध" म्हणत नाही, "उगवतीचा बांध" म्हणतो, मग ऐकणारा कुठंही तोंड करून उभा असो. पडद्यावर वर होकायंत्राचे आकडे असतात. "एकशे वीसवर दोघं, झाडामागं" एवढं बोललं की झालं. पोरांना आम्ही तेवढंच सांगितलं. पहिल्या रविवारी गोंधळ उडाला, तिसऱ्या रविवारी बरं जमलं. आणि मेल्यावर लगेच बाहेर पडायचं नाही. मारणारा कुठून आला ते रीप्लेमध्ये बघायचं आणि विचारायचं, तो मला कळण्याजोगा होता का? होता, तर चूक नजरेची. नव्हता, तर मी ती जागा रिकामी का धरली?

आमचा मित्र अजून पुलावर मरतो, कमी वेळा. परवा त्यानं पूल सोडून होडी घेतली. होडीचा आवाज मोठा, किनाऱ्यावर कुणीतरी ऐकला आणि खल्लास. (हशा) पण या वेळी त्यानं फोन करून सांगितलं, "सर, मॅपवर कुणी नव्हतं, पण मला माहीत होतं की असेल."

एक प्रश्न आलाय मागून. "सर, मग आता तुम्ही रस्ता कसा ओलांडता?" सांगतो. गेटसमोर थांबतो. डावीकडं डोळे नाही, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत मान वळवतो. एकदा बघतो, समोर बघतो, पुन्हा बघतो. ट्रकचं इंजिन चालू आहे का ते ऐकतो. आणि बरोबर कुणी असेल तर त्याला विचारतो, "बाबा रे, तुझ्या बाजूला कुणी आहे का?" तो 'नाही' म्हणाला, की विचारतो, "बघून सांगतोयस ना?"