हाडाचा प्रवासी आणि बीडची दंतकथा!

मंडळी, तेलगावच्या चौकात उभं राहिलं की चार दिशांना चार रस्ते फुटतात : बीड, परळी, माजलगाव, धारूर. आज आपण बीडचा रस्ता धरू, तिथून थेट ठाणं गाठू, आणि मग इटली-चीनची सफर! बॅग भरायची गरज नाही, चहाचा कप तेवढा हातात असू द्या.

माहीत आहे का? 1321 सालच्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार ख्रिस्ती फकीर मारले गेले. इटलीतल्या तोलेन्तिनो गावचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचं काम करणारा जॉर्जियाचा देमेत्रियस. पंढरपुरात तेव्हा नामदेवांचं कीर्तन रंगत होतं. परंपरेच्या हिशोबानं नामदेव त्या वर्षी पन्नाशीचे! आपल्या शाळेच्या पुस्तकात थॉमस आणि नामदेव ही दोन माणसं कधी एका पानावर आलीच नाहीत. यायला हवीत की नाही?

आता जरा थॉमसचा बायोडेटा बघा. संत फ्रान्सिसच्या संघातला, आणि गरिबीच्या बाबतीत एकदम कडक. संघाकडेसुद्धा मालमत्ता नको, या हट्टापायी त्याच्याच संघानं त्याला तुरुंगात टाकलं. अनेक वर्षांनी, 1289-90च्या सुमारास सुटका झाली आणि तो निघाला थेट आर्मेनियाला. तिथल्या राजानं या माजी कैद्याला चक्क राजदूत म्हणून युरोपच्या दरबारांत धाडलं. काय करिअर आहे!

आणि कुरिअर सर्व्हिस? तीही केली! चीनमध्ये एकट्यानं काम करणाऱ्या जॉन ऑफ मॉन्तेकोर्विनोचं पत्र त्यानं 1307 साली फ्रान्समध्ये पोपपर्यंत पोहोचवलं. रिझल्ट : आजच्या बीजिंगला पहिला आर्चबिशप मिळाला.

साठीच्या घरात थॉमस पुन्हा बाहेर पडला. होर्मुझहून जहाज धरलं, जायचं होतं केरळातल्या कोल्लमला. जहाज आलं ठाण्याला! तिथं नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. होय, सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यात! त्यातल्याच एका घरात चौघांनी ठाण मांडलं.

इथं स्टोरीत ट्विस्ट. घरमालकाचं बायकोशी भांडण झालं, त्यानं तिला मारलं. ती गप्प बसली नाही, सरळ काझीकडे गेली. विचार करा, 1321 सालची बाई नवऱ्यानं मारलं म्हणून न्याय मागायला जाते! मला या सगळ्या कहाणीत तिचं नाव हवं होतं, पण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. साक्षीदार म्हणून पाहुण्यांना बोलावणं आलं. पीटर सामान राखायला घरी थांबला, तिघं गेले. साक्ष राहिली बाजूला, वाद धर्मावर घसरला, आणि घरगुती तक्रारीचं प्रकरण तिघांच्या जिवावर आलं.

ओदोरिक नावाच्या प्रवाशाच्या वृत्तांतानुसार जेम्सला आगीत टाकलं तर तो जसाच्या तसा बाहेर आला. ठाण्याच्या सुभेदारानं तिघांना गुपचूप खाडीपार पाठवलं, पण रात्री त्याचेच मारेकरी मागावर गेले. 9 एप्रिलला तिघं मारले गेले, 11 एप्रिलला पीटर.

पुढचं बीडकरांनी कान देऊन ऐकावं. ही खबर दिल्लीला गेली आणि सुलतानानं सुभेदारालाच देहदंड दिला, असं ओदोरिक सांगतो. तेव्हा दिल्लीच्या गादीवर कोण? गियासुद्दीन तुघलक. त्याचा मुलगा कोण? मुहम्मद तुघलक. हाच तो, ज्याचा दात आपल्या बीड मुक्कामी पडला! दाताचं समारंभानं दफन झालं आणि त्यावर कबर बांधली गेली, असं सांगतात. बीडच्या दक्षिणेला करजणी गावाजवळच्या टेकडीवर ती आहे. दंतकथा म्हणतात ती हीच, अगदी शब्दशः!

दाताला बीडमध्ये कायमचा पत्ता मिळाला. थॉमसच्या हाडांना मात्र चैन नाही. या चौघांचा सोबती जॉर्डनस तेव्हा गुजरातच्या वाटेवर होता. त्यानं परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला पुरले. सोपारा म्हणजे अशोकाचा शिलालेख आणि बौद्ध स्तूप सापडला तेच. एकाच मातीत किती काय काय!

लवकरच ओदोरिक ठाण्यात आला. त्यानं अस्थी उचलल्या आणि जहाजानं थेट चीनमधलं आजचं च्वानचौ बंदर गाठलं. वाटेत वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात टाकताच शिडं फुगली, असं तो लिहितो. थॉमसचं मस्तक तोलेन्तिनोला पोहोचलं अशी तिथली परंपरा. हाडाचा प्रवासी म्हणतात तो असा!

बाय द वे, ठाण्याचे उंदीर कुत्र्याएवढे, मांजरांना न आवरणारे, म्हणून कुत्रेच त्यांना पकडतात, असंही ओदोरिकनं नोंदवलंय. अहो, ही तर आपली घूस! 1330 सालच्या पुस्तकात घुशीची एन्ट्री!

आता सांगा, एवढं होऊन थॉमस लगेच संत झाला असेल ना? अजिबात नाही. कडक गरिबीवाल्यांशी तेव्हाच्या पोपचं, बाविसाव्या जॉनचं, उभं वैर. 1318 साली मार्सेयमध्ये त्यातल्या चौघांना जाळलंही होतं. त्याच गोटातल्या माणसाला मुकुट कोण चढवणार? सिएनात मात्र आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीनं फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचं भव्य भित्तिचित्र रंगवलं. ते ठाण्याचंच, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. पीटर त्यांचाच गाववाला, नाही का! अखेर 1894 साली पोप तेराव्या लिओनं थॉमसच्या भक्तीला मान्यता दिली. तब्बल 573 वर्षांनी! पदवी मिळाली ‘धन्य’, पूर्ण ‘संत’ नव्हे. वसईचा गोन्सालो गार्सिया जन्मला थॉमसच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, पण 1862 सालीच संत होऊन बसला.

माझ्या मनात मात्र सगळ्यात घर केलं ते जॉर्डनसनं. जिवलगांना पुरल्यावर हा गडी घाबरून पळाला नाही. 1329 साली तो कोल्लमचा बिशप झाला आणि भारतातल्या नवलांवर त्यानं पुस्तक लिहिलं. त्यात फणस आहे, एक फळ पाच जणांना पुरणारं! आपल्या बालाघाट डोंगरातलं सीताफळ तेवढं त्याचं हुकलं, कारण ते झाड पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून नंतर आलं. पण आंबा त्यानं चाखला होता. ज्या भूमीत चार मित्र गाडले, तिथल्या आंब्याबद्दल तो लिहितो की याची गोडी शब्दांत सांगता येत नाही.