कर्नल नवा, हेडर जुने

बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत लिनक्सवर ‘ग्लिबसी’ ही मूळ लायब्ररी बांधताना ‘हेडर फार जुने’ असे सांगून काम अडले, तर कर्नलला दोष देऊ नका. हेडर म्हणजे कर्नलशी बोलण्याच्या खुणांची यादी. जुन्या सातबाऱ्यावरून आजचे बांध कसे सापडावेत?

2016 मधल्या 2.24 आवृत्तीपासून हेडर निदान 3.2 चे लागतात. ‘व्हर्जन डॉट एच’ उघडून पाहा. आकडा 197120 पेक्षा कमी असला की हेडर जुने समजावे. मग नव्या कर्नलच्या मूळ संचातून ‘मेक हेडर्स इन्स्टॉल’ने ते वेगळ्या फोल्डरात काढा, ‘विथ हेडर्स’ने ती जागा दाखवा आणि रिकाम्या फोल्डरात नव्याने बांधा.

चालू लायब्ररीवर मात्र नवी लादू नका. ती बिघडली की सारे यंत्रच बसते, अन् मुलांचा तासही बुडतो.