कळा लागण्याआधी पिशवी काय तयारी करते?

नेरुळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय असो, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ असो की पनवेलकडचं एखादं खासगी प्रसूतिगृह, पुढचं चित्र कुणालाही ओळखीचं वाटेल. शेजारच्या खाटांवर दोघीजणी. दोघींचे दिवस भरलेले, दोघींना सलाईनमधून कळांचं तेच औषध, थेंबांचा वेगही तोच. एकीला दोन-तीन तासांत जोरदार कळा लागतात. दुसरी संध्याकाळ झाली तरी ‘दोन बोटां’च्या पुढे सरकत नाही. बाहेर सासूबाईंच्या येरझाऱ्या, आणि डॉक्टरांचं उत्तर एकच : ‘पिशवी अजून तयार नाही.’ नातेवाइकांना ही टोलवाटोलवी वाटते. पण उत्तर खरं आहे, आणि ते पेशींच्या पातळीवर उलगडायला शास्त्रज्ञांना अनेक दशकं लागली.

सलाईनमधलं ते औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं, हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवलं. त्यातला रेणू व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण रेणू नुसता रक्तात असून भागत नाही. स्नायूच्या पेशीवर त्याला धरून घेणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असावे लागतात. ग्राही हे प्रथिन, आणि प्रथिन बनायचं तर त्याचं जनुक चालू व्हावं लागतं. प्रसूतीच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या स्नायूत हे ग्राही प्रचंड वाढलेले असतात, हे 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. दुसऱ्या खाटेवरच्या बाईच्या स्नायूत ते पुरेसे झालेले नसतील, तर थेंब वाढवून फार फरक पडत नाही. (पिशवीचं तोंड मऊ होणं हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. इथे फक्त स्नायूबद्दल बोलू.)

हा स्नायू अजबच. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचं गर्भाशय नवव्या महिन्यात किलोभर वजनाचं होतं. एवढा वाढतो, ताणला जातो, तरीही आकुंचन पावत नाही. अधूनमधून ‘खोट्या कळा’ येतात आणि विरून जातात. स्नायूला असं शांत ठेवण्याचं काम प्रोजेस्टेरॉन करतं. त्याचा ग्राही अडवणारी मिफेप्रिस्टोनची गोळी दिली, की दिवस भरलेले नसतानाही गर्भाशय आकुंचनासाठी सज्ज होतं. शिवाय आकुंचनाला मेंदूचा हुकूम लागत नाही. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या स्त्रियांनाही कळा येतात. म्हणजे जे काही ठरतं, ते बरंचसं स्नायूच्या पेशींतच ठरतं.

खरं कोडं इथे सुरू होतं. मेंढी किंवा उंदीर यांच्यात प्रसूतीआधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन घटतं, स्नायू मोकळा होतो आणि पिल्लू जन्मतं. माणसात तसं होत नाही. वार पडेपर्यंत रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं. हुकूम चालूच आहे, पण स्नायूनं तो मानणं सोडलेलं असतं.

ते कसं? प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीचं जनुक एकच असलं, तरी त्यापासून दोन प्रकारचे ग्राही बनतात : पीआर-बी आणि पीआर-ए. गरोदरपणात ‘बी’चं वर्चस्व असतं आणि तो आकुंचनाची जनुकं दाबून ठेवतो. प्रसूती जवळ आली की ‘ए’चं प्रमाण वाढतं आणि तो त्याच प्रोजेस्टेरॉनला उलटा प्रतिसाद देऊ लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये जनुकबदल केलेल्या उंदरांवर याची परीक्षा घेतली. स्नायूत ‘बी’ जास्त असलेल्या माद्या सरासरी 21.1 दिवसांनी व्याल्या, साध्या माद्या 19.1 दिवसांनी. तीन आठवड्यांच्या गरोदरपणात दोन दिवस म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे. भरीला, स्नायूची पेशी आपल्या आतलं प्रोजेस्टेरॉन एका विकराच्या मदतीनं मोडूनही टाकू लागते. रक्ततपासणीत आकडा उत्तम, आणि पेशीच्या आत मात्र चणचण.

पुढची कडी डॅलसमध्ये कॅरोल मेंडेल्सन यांच्या गटानं 2010 मध्ये मांडली. झेब-1 आणि झेब-2 ही दोन प्रथिनं ऑक्सिटोसिनचा ग्राही आणि कनेक्सिन-43 यांच्या जनुकांना गप्प बसवतात. मायक्रो-आरएनए-200 नावाच्या कुळातले इवलेसे रेणू या झेब प्रथिनांनाच गप्प बसवतात. प्रोजेस्टेरॉनचा जोर ओसरला की हे रेणू वाढतात, झेब घटतात आणि दबलेली जनुकं बोलू लागतात.

त्यातलं कनेक्सिन फार महत्त्वाचं. त्याच्या बारीक नळ्या शेजारच्या पेशींना जोडतात आणि एका पेशीतली विद्युत लहर दुसरीत पोचवतात. उंदरांच्या गर्भाशयात हे जोड नेमके प्रसूतीच्या वेळी उगवतात, हे रॉबर्ट गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये दाखवलं. गणपतीच्या आधी ढोलपथकातला प्रत्येकजण आपापल्या जागी ढोल बडवत असतो, तेव्हा होतो तो गोंगाट. ताशाच्या इशाऱ्यावर शंभर ढोल एकदम पडले की छाती हादरते. खोटी कळ आणि खरी कळ यांत साधारण हाच फरक आहे.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो टोरांटोच्या जेनिफर मिचेल यांच्या गटाचा 2020 मधला निष्कर्ष. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर ‘हे जनुक वाचायला खुलं’ अशा रासायनिक खुणा असतात. उंदरांत आकुंचनाच्या जनुकांवर या खुणा पंधराव्या दिवशीच, म्हणजे प्रसूतीच्या बऱ्याच आधी, लागलेल्या आढळल्या. स्नायू शांत होता तेव्हाच तयारी झालेली होती. उरलं होतं ते फॉस आणि जुन कुळातल्या प्रथिनांच्या योग्य जोड्या येऊन ती जनुकं प्रत्यक्ष चालू करणं. त्यांना चालना स्नायूवरच्या ताणातून मिळते, दाहातून मिळते, आणि उंदरांत तरी बाळाच्या तयार होणाऱ्या फुप्फुसांतूनही मिळते. कुणी एकच घंटा वाजवतो असं नाही.

उंदरांचा उल्लेख वारंवार येतो, त्याला कारण आहे. बाईच्या पोटातला स्नायू आठवड्या-आठवड्याला काढून तपासता येत नाही. मानवी स्नायूचे बहुतेक नमुने सिझेरियनच्या वेळी, छेद घेतलेल्या कडेवरून, संमती घेऊन काढलेल्या छोट्याशा तुकड्याच्या रूपात मिळतात. कळा न लागलेल्या एका बाईचा तुकडा आणि कळा लागलेल्या दुसरीचा, अशी तुलना करावी लागते. एकाच बाईतलं ‘आधी’ आणि ‘नंतर’ कुणाला दिसत नाही. म्हणूनच पेशींवरच्या निष्कर्षांच्या ठळक बातम्या जरा बेतानंच वाचाव्यात.

हे सगळं जाणून घ्यायचं ते कशासाठी? 2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळं 37 आठवड्यांच्या आत जन्मली. जगात इतकी दुसऱ्या कुठल्याही देशात नाहीत. मूळचे गोव्याचे, मुंबईत नावाजलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी 1955 मध्ये पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याची पद्धत मांडली आणि त्यांच्या नावानं ती जगभर गेली. पण तो टाका तोंड कमकुवत असलेल्यांसाठी. स्नायूच मुदतीआधी जागा झाला, तर टाका काय करणार? प्रोजेस्टेरॉनसारखंच एक इंजेक्शन अमेरिकेनं 2011 मध्ये मंजूर केलं होतं. मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून 2023 मध्ये मंजुरी काढून घेतली. पिशवीचं तोंड आखूड असलेल्यांना योनीमार्गे दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो, हे खरं. पण ज्या स्नायूनं हुकूम मानणं सोडलंय, त्याला तोच हुकूम मोठ्यानं सांगून फारसं साधत नाही. कळा थांबवणारी निफेडिपिनसारखी औषधं साखळीच्या अगदी शेवटच्या कडीवर काम करतात. जनुकांचे निर्णय त्याच्या कितीतरी आधी झालेले असतात. माझ्या मते इथून पुढचं संशोधन त्या आधीच्या आठवड्यांवर असायला हवं.

तोवर ही औषधं साधारण दोन दिवस मिळवून देतात. त्या दोन दिवसांचं मोल याच शोधातून कळलं. न्यूझीलंडचे मॉन्ट लिगिन्स मेंढीची प्रसूती कशानं सुरू होते हे शोधत होते. स्टिरॉइड मिळालेली, फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेतात, असं त्यांच्या लक्षात आलं. 1972 मध्ये रॉस हॉवी यांच्यासोबत त्यांनी गरोदर स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध केली, आणि आज मुदतपूर्व बाळाची फुप्फुसं तयार करण्यासाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांचा पुरता परिणाम व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून, सदतिसावा आठवडा लागण्याआधी पोट ठरावीक अंतरानं घट्ट होऊ लागलं, कंबर सतत भरून येऊ लागली किंवा पाणी गेलं, तर ‘खोट्या कळा असतील, सकाळी बघू’ म्हणत घरी थांबू नका. रात्र असली तरी 108 ला फोन करा आणि नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा.