लाकडी रोटिसरी : मोटारीचे धड फिरवणाऱ्या चौकटीविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोटिसरी म्हणजे मोटारीचे रिकामे धड पुढच्या आणि मागच्या टोकाला धरून लांबीच्या अक्षाभोवती फिरवणारी चौकट. तिचे तीन भाग असतात : जमिनीवरचे दोन उभे स्टँड, त्यांच्या माथ्यावर फिरणारे दोन पाइप, आणि हे पाइप धडाला जोडणाऱ्या दोन लोखंडी पकडी. जुन्या मोटारीला गंज लागतो तो बहुधा खालच्या बाजूने. तळाचा पत्रा, दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानी आधी सडतात. गाडीखाली उताणे झोपून तिथे वेल्डिंग करताना ठिणग्या तोंडावर येतात आणि वितळलेला धातू खाली ओघळतो. धड आडवे फिरवले की तोच तळ भिंतीसारखा समोर उभा राहतो आणि जोड नीट बसतो.

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात एखादी फियाट, ॲम्बेसेडर किंवा मारुती ८०० दुरुस्त करायची असेल, तर एका गाडीपुरती तयार लोखंडी रोटिसरी विकत घेणे परवडत नाही. गावात वाढई आहे, वेल्डिंगचे दुकान आहे आणि जुन्या घरांचे लाकूडही मिळते. त्यामुळे लाकडी चौकटीचा विचार रास्त ठरतो. मात्र ती मुळीच टिकणार नाही असे काहींना वाटते, तर कशीही ठोकली तरी चालेल असे इतरांना वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. चौकट सुरक्षित आहे की नाही, हे लाकडापेक्षा तिचे सांधे आणि अक्षाची जागा ठरवतात.

गैरसमज १ : लाकूड मोटारीचे वजन पेलू शकत नाही.

वस्तुस्थिती : रोटिसरीवर पूर्ण मोटार चढत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, ॲक्सल, पेट्रोलची टाकी, काचा, आसने आणि दारे काढल्यावर उरलेले छोट्या मोटारीचे धड साधारण २०० ते ३०० किलो भरते. धानाने भरलेली बैलबंडी लाकडी सांगाड्यावर याहून जास्त ओझे घेऊन खाचखळग्यांतून जाते. हिशेबही तेच सांगतो. ४ इंच बाय ४ इंच खांबाचा छेद सुमारे १०,००० चौरस मिलिमीटर असतो. चांगल्या सागवानावर तंतूंच्या दिशेने दर चौरस मिलिमीटरला फक्त ५ न्यूटन भार धरला, तरी असा आखूड खांब सुमारे ५ टन दाब सोसतो. प्रत्यक्षात पाइप आणि पकडी धरूनही एका स्टँडवर दीड-दोनशे किलोच येतात. उभा खांब दबून मोडत नाही. चौकट पडते ती खांब कलल्यामुळे, सांधा उकलल्यामुळे किंवा बोल्टच्या भोकापाशी लाकूड चिरल्यामुळे.

गैरसमज २ : लाकूड आहे म्हणजे चौकट स्वस्तच पडणार.

वस्तुस्थिती : परदेशात पाइनच्या तयार फळ्या स्वस्त मिळतात, म्हणून तिथे लाकडी रोटिसरी लोकप्रिय आहे. महाराष्ट्रात नवे सागवान महाग आहे. ते दुकानातून आणले तर तेवढ्याच ताकदीची लोखंडी चौकोनी पाइपची चौकट स्वस्त पडू शकते. खरी बचत होते ती जुन्या लाकडात. पाडलेल्या घराचे खांब, मयाली आणि दाराच्या चौकटी यांचे सागवान अनेक वर्षे वाळलेले असते, त्यामुळे ते नंतर पिळवटत नाही. ते वापरण्यापूर्वी जुने खिळे उपटावेत आणि टोचा मारून आतून पोखरलेला भाग शोधावा. वाळवी सागवानाच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण बाहेरचा पांढरट थर खाते. तो थर तासून काढावा.

जंगल जवळ आहे म्हणून झाड तोडून लाकूड आणणे हा पर्याय नव्हे. जिल्ह्यातले कोका अभयारण्य आणि राखीव वने तर सोडाच, स्वतःच्या शेतातले सागाचे झाड तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते, आणि लाकूड नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. शिवाय ताजे लाकूड वाळताना आकसते आणि त्यातले बोल्ट सैल पडतात.

गैरसमज ३ : कोणतेही जाड लाकूड चालते.

वस्तुस्थिती : जाडीइतकेच तंतूंचे सरळपण महत्त्वाचे आहे. सागवान, बिजा आणि ऐन ही पूर्व विदर्भातली लाकडे खांबांना योग्य आहेत. बाभूळ कठीण आणि चिवट असते, पण लांब सरळ तुकडा क्वचित मिळतो, म्हणून ती पाचरी आणि ठोकळ्यांसाठी घ्यावी. निलगिरी वाळताना चिरते. सावर फार मऊ असते. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. मालाच्या पॅलेटच्या फळ्या पातळ असतात, त्यांचा मुख्य खांबाला उपयोग नाही. मोठी गाठ बोल्टच्या भोकाजवळ किंवा खांबाच्या मध्यावर असेल तर तो तुकडा बाजूला ठेवावा.

गैरसमज ४ : मोठे खिळे आणि स्क्रू पुरेसे आहेत.

वस्तुस्थिती : धड फिरवताना प्रत्येक सांध्यावर उलटसुलट ओढ येते आणि या ओढीने खिळा हळूहळू बाहेर सरकतो. प्रत्येक मुख्य सांध्याला आरपार जाणारे किमान दोन ४ सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट हवेत. दोन्ही बाजूंना रुंद वायसर द्यावेत, नाहीतर नट लाकडात रुततो. बोल्ट फळीच्या टोकापासून निदान साडेतीन-चार इंच आत असावा. टोकाजवळच्या भोकातून लाकूड सरळ रेषेत फाटते.

खांब आणि तळपट्टी यांचा नुसता काटकोन डोलतो. त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू दिले की त्रिकोण तयार होतो आणि चौकट आकार सोडत नाही. आडव्या दिशेने तळपट्टी किमान ५ फूट असावी. लांबीच्या दिशेनेही प्रत्येक खांबाला टेकू लागतो. दोन्ही स्टँड खालून एका लांब तुळईने बांधावेत, म्हणजे धड ढकलले गेले तरी त्यांच्यातले अंतर बदलत नाही.

गैरसमज ५ : फिरण्यासाठी महागडे बेअरिंग लागते.

वस्तुस्थिती : रोटिसरी दिवसातून काही वेळाच, तीही अगदी सावकाश फिरते. दोन इंची हेवी क्लास पाइपच्या तुकड्यात दीड इंची हेवी क्लास पाइप सुमारे ३ मिलिमीटर सुटीने बसतो. मध्ये ग्रीस भरले की काम भागते. बाहेरचा पाइप खांबाच्या माथ्यावर खाच पाडून बसवावा आणि लोखंडी प्लेट व यू-बोल्टने आवळावा. नुसत्या लाकडातल्या भोकात पाइप फिरवू नये, कारण भोक झिजून लांबट होते. भंडारा जिल्ह्यात राईस मिल पुष्कळ आहेत. त्यांच्या भंगारातले पेडेस्टल बेअरिंग आणि शाफ्टचे तुकडे मिळाले तर तेही उत्तम चालतात. दोन्ही टोकांचे पाइप दोरी ताणून एका ओळीत आणणे मात्र अत्यावश्यक आहे. ओळ चुकली तर पाइप अडकतो आणि सगळा पीळ धडावर येतो.

गैरसमज ६ : अक्ष बंपरच्या उंचीवर धरला की झाले.

वस्तुस्थिती : अक्ष धडाच्या गुरुत्वमध्यातून जायला हवा. बंपर सहसा त्याच्या खाली असतो. २५० किलोच्या धडाचा गुरुत्वमध्य अक्षापासून ५ सेंटिमीटर दूर असेल, तर धड आडवे असताना ते धरून ठेवायला एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साडेबारा किलो जोर लागतो. हेच अंतर २० सेंटिमीटर झाले तर ५० किलो जोर लागतो. तेवढा जोर हातातून निसटला, तर दांडा माणसाला फेकून देईल.

म्हणून धडाच्या पकडीत उभी पट्टी देऊन तिला इंच-दीड इंचाच्या अंतराने भोके पाडतात. पारख सोपी आहे. दोघातिघांनी धरून धड थोडे कलवावे. ते आपणहून सरळ होत असेल तर अक्ष गुरुत्वमध्याच्या वर आहे. आणखी उलटायला पाहत असेल तर अक्ष खाली आहे. दर वेळी धड खाली टेकवून एक-एक भोक बदलावे. किंचित सरळ होण्याकडे कल राहिला तर तो सुरक्षित समजावा. नवा पत्रा बसवल्यावर किंवा जुना कापल्यावर तोल बदलतो, तेव्हा ही पारख पुन्हा करावी लागते.

अक्षाची जमिनीपासूनची उंची धडाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यावरून ठरते. प्रीमियर पद्मिनीची रुंदी सुमारे १.४६ मीटर आहे. अशा धडाला अक्ष साधारण ११० सेंटिमीटर उंच लागतो. तरी प्रत्येक धड स्वतंत्रपणे मोजून त्यात हातभर मोकळीक धरावी.

गैरसमज ७ : धड कुठेही पकडून टांगता येते.

वस्तुस्थिती : बंपरचे ब्रॅकेट ज्या जाड पेटीसारख्या भागांना लागतात, तिथेच पकडी बसवतात. हेच भाग गंजलेले असतील तर आधी धड जमिनीवर आधाराच्या घोड्यांवर ठेवून त्यांची दुरुस्ती करावी. हातोडीने ठोकून आणि टोचून पाहिल्याशिवाय कोणत्याही जुन्या पत्र्यावर विश्वास ठेवू नये.

दोन्ही टोकांना टांगलेले धड मधोमध झोळायला पाहते. ही झोळ अडवते ती दारांखालची पट्टी, आणि नेमकी तीच कापायची असते. म्हणून धड चढवण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करून घ्यावेत. एका वेळी एकाच बाजूची पट्टी कापावी. कापण्यापूर्वी आणि नंतर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ही काळजी घेतली नाही, तर काम संपल्यावर दार बसत नाही आणि धड पुन्हा कापावे लागते.

गैरसमज ८ : प्रत्येक जुन्या गाडीला रोटिसरी लागतेच.

वस्तुस्थिती : ते गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डी, तिचेच १९७४ पासूनचे पद्मिनी हे रूप, ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० या गाड्यांत वेगळी चासी नसते. तळ आणि बॉडी मिळून एकच सांगाडा असतो. अशा गाड्यांना रोटिसरीचा सर्वाधिक उपयोग होतो. जुन्या जीपची बॉडी मात्र चासीवरून बोल्ट खोलून उतरते. ती चार माणसे उचलून उलटी ठेवू शकतात आणि चासी साध्या घोड्यांवर पालथी करता येते. तळाला एक-दोन ठिगळेच लावायची असतील, तर धड एका बाजूला कलवणारी साधी चौकट पुरते. पूर्ण रोटिसरीला सुमारे ६ मीटर बाय ३ मीटर सपाट जागा लागते, हेही आधी पाहावे.

गैरसमज ९ : वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जाड लाकूड पेटत नाही.

वस्तुस्थिती : ठिणगी लाकडाच्या भेगेत किंवा भुशात पडली की ती बराच वेळ धुमसते आणि माणसे निघून गेल्यावर पेट घेते. तळाला लावलेला जुना डांबराचा थर आणि आतली रबरी आच्छादने त्याहून लवकर पेटतात. म्हणून डांबर आधी खरवडावे, खांबांवर आणि सांध्यांवर जस्ती पत्रा ठोकावा, वाळू व पाणी हाताशी ठेवावे आणि काम थांबल्यावर किमान अर्धा तास जागेवर थांबावे. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफ स्फोटक असते, म्हणून ती शेडच्या बाहेर न्यावी. लाकूड वीजवाहक नाही, त्यामुळे वेल्डिंगची अर्थ क्लिप चौकटीला न लावता धडाच्याच स्वच्छ केलेल्या पत्र्याला, जोडाच्या जवळ लावावी.

गैरसमज १० : एकदा उभारलेली चौकट तशीच राहते.

वस्तुस्थिती : भंडारा जिल्ह्यात मे महिन्याचा कोरडा ताप आणि त्यामागून जून ते सप्टेंबरचा पाऊस असतो. लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे बोल्ट सैल होतात. ते दर आठवड्याला आवळावेत. मातीची जमीन पावसात एका बाजूने दबते, म्हणून स्टँड सिमेंटच्या ओट्यावर किंवा फरशीवर ठेवावेत.

नव्या चौकटीची परीक्षा धड चढवण्यापूर्वी घ्यावी. दोन्ही पाइपांमध्ये मजबूत लोखंडी तुळई बसवून तिच्यावर ४० किलोचे धानाचे १२ कट्टे, म्हणजे ४८० किलो भार रात्रभर टांगावा. सकाळी सांधे, भेगा आणि खांबांचा ओळंबा तपासावा. धड कोणत्याही कोनात थांबवले की भोके पाडलेल्या लोखंडी चकतीतून जाड पिन घालून ते अडकवावे. केवळ घर्षणावर किंवा दोरीवर भरवसा ठेवू नये. फिरवताना दोन माणसे हवीत आणि धडाखाली कोणीही नको. पिन घातल्यावरही धडाखाली काम करायचे असेल तर घोडे किंवा ठोकळे लावावेत.

गैरसमज ११ : पत्रा बदलताना कागदपत्रांचा संबंध येत नाही.

वस्तुस्थिती : गाडीची ओळख तिच्यावर कोरलेल्या चासी क्रमांकावर असते. तो भाग कापला, घासला किंवा दुसऱ्या पत्र्यावर वेल्ड केला, तर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी तपासणीत गाडी अडकते. काम सुरू करण्यापूर्वी क्रमांकाची जागा शोधून तिचे छायाचित्र घ्यावे आणि तो भाग झाकून ठेवावा. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात नोंदणी १० वर्षांसाठी मिळते आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. त्या गाडीचा रोजचा किंवा व्यावसायिक वापर करता येत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर गाडी रोज चालवायची की जतन करायची, हे आधीच ठरवावे आणि त्याप्रमाणे नोंदणीचा मार्ग निवडावा.