गुठळी टिकते की विरघळते?

बाळाची नाळ गळून पडल्यावर बेंबीतून दिवसचे दिवस रक्त झिरपत राहते, आणि पीटी, एपीटीटी, प्लेटलेट हे सगळे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. फॅक्टर १३ची आनुवंशिक कमतरता अशी निसटते. यातल्या पीटी आणि एपीटीटी गुठळी धरेपर्यंतचा वेळ मोजतात, तर फॅक्टर १३ गुठळी धरल्यानंतर तिचे धागे एकमेकांत घट्ट विणतो. ही वीण नसेल तर जखम पुन्हा वाहू लागते, बाईचा गर्भ वारंवार पडतो, आणि सुमारे तिघांतल्या एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. यातली बरीच हानी टाळता येते, म्हणून याची पहिली चाचणी तालुक्यातच व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

ती चाचणी म्हणजे युरियाची. लाकी आणि लोरँड या संशोधकांनी १९४८ मध्ये दाखवलेल्या गुठळीच्या गुणधर्मावर ती उभी आहे. या आजाराचा पहिला रुग्ण १९६० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नोंदला गेला. रुग्णाच्या प्लाझ्मात कॅल्शियम घालून गुठळी धरवायची, ती लिटरला ३०० ग्रॅम युरियाच्या द्रावणात सोडायची आणि २४ तास पाहायची. निरोगी माणसाची गुठळी तशीच राहते, रुग्णाची काही तासांत विरघळून नळीत नुसते पाणी दिसते. उसाला घालतात तोच हा युरिया, फक्त प्रयोगशाळेतला शुद्ध.

वीस लाखांत एखाद्याला होणाऱ्या आजारासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण यंत्र घ्यायचे नाही, आणि चाचणीही रक्त थांबत नसताना रिपोर्ट नॉर्मल आलेल्यांचीच करायची. शिवाय मामेबहिणीशी लग्न होणाऱ्या घरांत दोन्हीकडून हाच दोष येण्याची शक्यता वाढते. चाचणी ढोबळ आहे, हा आक्षेप मात्र खरा: फॅक्टर अगदी नगण्य असेल तेव्हाच ती बोलते. तरी मेंदूतल्या रक्तस्रावाचा सर्वाधिक धोका त्याच रुग्णांना असतो. पक्के निदान परळच्या केईएम आवारातल्या, १९५७ पासूनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या ठिकाणी करावे. उपचारही आवाक्यातला आहे, कारण हा फॅक्टर रक्तात बरेच दिवस टिकतो आणि साधारण चार आठवड्यांतून एक डोस पुरतो. शुद्ध कॉन्सन्ट्रेट उत्तम. ते नसेल तर रक्तपेढीतले क्रायोप्रेसिपिटेट चालते, त्यात संसर्गाची जोखीम असली तरी. फक्त प्लाझ्मा चढवण्याआधी चाचणीसाठी रुग्णाच्या रक्ताने निळ्या झाकणाची नळी भरून ठेवावी, नाहीतर दात्याचा फॅक्टर गुठळी टिकवतो आणि आजार पुन्हा निसटतो.