मिशीतून उभा राहिलेला निधी

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला पुरःस्थ ग्रंथी किंवा प्रोस्टेट असे म्हणतात. उतारवयात या ग्रंथीत कर्करोग उद्भवू शकतो. आरंभी तो बहुधा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. आणि लक्षण दिसले तरी त्याविषयी बोलण्यास पुरुष संकोचतो. ज्या रोगाचे नावच कोणी काढीत नाही, त्याच्या संशोधनासाठी पैसा तरी कोण मागणार?

ही कोंडी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात एका थट्टेतून फुटली. २००३ साली ट्रॅव्हिस गॅरोन आणि ल्यूक स्लॅटरी या दोन मित्रांनी, मिशीची गेलेली फॅशन परत आणावी म्हणून, तीस जणांना मिशा वाढविण्यास लावले. एका मित्राची आई त्या सुमारास स्तनांच्या कर्करोगासाठी निधी जमवीत होती. तिच्यावरून त्यांना पुढचा मार्ग सुचला. २००४ साली ४५० जणांनी मिशा राखून ५४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जमविले आणि ते पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी काम करणाऱ्या तेथील संस्थेला दिले. तेथील बोलीत मिशीला 'मो' म्हणतात. म्हणून उपक्रमाचे नाव 'मूव्हेंबर'. १ नोव्हेंबरला दाढीमिशी साफ करायची आणि महिनाभर केवळ मिशी वाढू द्यायची, हा त्याचा नियम. मराठीत मिशीला पीळ देतात तो रुबाबासाठी. येथे मात्र मिशी पाहून लोक प्रश्न विचारतात आणि मितभाषी माणसालाही त्या रोगाविषयी बोलावे लागते.

अशा देणग्यांचे खरे मोल तपासणीच्या प्रश्नात दिसते. रक्तातील 'पीएसए' हे प्रथिन कर्करोग नसतानाही वाढते. शिवाय काही कर्करोग इतके मंदगती असतात की, रोगापेक्षा उपचारांचाच त्रास अधिक व्हावा. कोणती तपासणी सरस, हे शोधण्यात औषध कंपन्यांना फारसा लाभ नसतो. ब्रिटनमधील 'प्रोस्टेट कॅन्सर यूके' या धर्मादाय संस्थेने २०२३ मध्ये त्यासाठी 'ट्रान्स्फॉर्म' ही ४ कोटी २० लाख पौंडांची चाचणी जाहीर केली. त्यांपैकी १ कोटी ६० लाख पौंड सरकारी निधीतून येणार होते. मूव्हेंबरही वाटेकरी झाली. या चाचणीत स्वतःहून नाव नोंदविता येत नाही. निवडलेल्या पुरुषांना निमंत्रण धाडले जाते. कृष्णवर्णीय पुरुषांना या रोगाचा धोका दुप्पट असल्याने, इतरांना वयाच्या ५०व्या वर्षापासून मिळणारे निमंत्रण त्यांना ४५व्या वर्षापासूनच द्यावे, असे ठरले.