बेलफास्टला येणारा रोरी



मागच्या महिन्यात गाण्यांच्या कार्यक्रमात आम्ही एका परदेशी गिटारवाल्याचं वाजवणं लावलं, तेव्हा एका ताईचा फोन आला. "हे काय लावलंय? कुणी रडतंय का भांडतंय?" प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण त्या वाजवण्यात दोन्ही होतं. वाजवणारा होता आयर्लंडचा रोरी गॅलहर. आज त्याची गोष्ट सांगतो, आणि त्याला ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यांचीही.

आधी हे संगीत कुठून आलं ते बघू. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या बाजूला, गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांची पोरंबाळं जमीनदारांच्या शेतात कापूस वेचत होती. त्यांच्या कष्टातून आणि दुःखातून जे गाणं तयार झालं ते ब्लूज. त्याची घडण आपल्याला परकी वाटायची नाही. बहुतेक वेळा पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. जात्यावर एकीनं ओवी धरावी आणि दुसरीनं ती पुढं न्यावी, तसं इथं गळा एक ओळ म्हणतो आणि गिटार तिला ओ देते. पुढं ही माणसं कामासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली. तिथल्या गलक्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून ती विजेवर आली. १९६० नंतर इंग्लंड-आयर्लंडच्या पोरांनी हेच संगीत उचललं, त्याला जोरकस ढोल आणि वेग दिला. त्याला ब्लूज-रॉक म्हणतात.

रोरीला ते सापडलं रेडिओवर. हे सांगताना आम्हाला जरा अभिमान वाटतो, रेडिओवाल्या आहोत ना! त्याचा जन्म १९४८ चा, बॅलिशॅनन या गावचा. पुढं आई मुलांना घेऊन कॉर्क शहरात राहायला आली. युरोपातल्या अमेरिकन सैनिकांसाठी चालणारं एक केंद्र रोरी कान लावून ऐकायचा. नवव्या वर्षी घरच्यांनी गिटार घेऊन दिली. शिकवायला कुणी नव्हतं, पोरगा ऐकून ऐकून शिकला.

आता आपल्या गटातल्या बायकांना लगेच कळेल असा भाग. १९६३ साली कॉर्कच्या एका दुकानात त्याला एक वापरलेली गिटार दिसली, फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर. किंमत १०० पौंड. पंधरा वर्षांच्या पोराच्या घरी एवढे पैसे कुठून यायचे? त्यानं ती हप्त्यानं उचलली. तेव्हा तो आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासारख्या एका बँडमध्ये वाजवायचा, त्या कमाईतून हप्ते फेडायचे होते. एकदा ती चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका खड्ड्यात पडलेली सापडली. वर्षानुवर्षांच्या घामानं तिचा रंग उडाला, लाकूड उघडं पडलं, पण त्यानं ती जन्मभर सोडली नाही. २०२४ साली लंडनच्या लिलावात तिला ८ लाख ८० हजार पौंडांहून जास्त किंमत आली, आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायची ठरवली. हप्त्यानं घेतलेल्या किती वस्तूंना असा मान मिळतो, तुम्हीच सांगा.

ज्यांना रोरी सापडला ते आपली पहिली भेट विसरत नाहीत. कुणी थोरल्या भावाच्या तबकडीवर ऐकलं, कुणाला मित्रानं ओढून कार्यक्रमाला नेलं. चौकडीचा शर्ट आणि साधी जीन्स घालून आलेला माणूस बघून कुणाला तो सामान लावणारा गडीच वाटावा, आणि मग त्यानं तारेला हात लावावा! ब्रायन मे या प्रसिद्ध गिटारवादकाची आठवण सगळ्यांत गोड आहे. तरुणपणी तो मित्राबरोबर लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरीला ऐकायला जायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर हे दोघं मागं रेंगाळले. सगळे गेले, रोरी स्वतःचं सामान आवरत होता. ब्रायननं विचारलं, हा आवाज येतो कसा? रोरीनं काही हातचं न राखता अ‍ॅम्प्लिफायर दाखवला, आवाजाला धार आणणारी छोटी पेटी दाखवली. ब्रायननं तशीच जोडणी मिळवली आणि क्वीन या बँडमध्ये जगभर गाजवली. त्याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला आपल्या पाचगणीत होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

पण रोरीचं नाव निघालं की उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहराच्या माणसांचा आवाज वेगळाच होतो. तिथं १९६९ च्या सुमारास दोन समाजांत हिंसा पेटली आणि ती तीसेक वर्षं चालली. कॅथलिकांतल्या बहुतेकांना आयर्लंडशी एक व्हायचं होतं, प्रोटेस्टंटांतल्या बहुतेकांना ब्रिटनबरोबर राहायचं होतं. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. १९७२ हे सर्वांत वाईट वर्ष. बॉम्ब फुटायचे, रस्त्यांवर सैनिक, जागोजागी झडती. अंधार पडला की शहराच्या मध्यभागी चिटपाखरू नसे. अशा गावात बाहेरचे बँड यायचे बंद झाले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? १९७५ च्या जुलैत मायामी शोबँड नावाचा लोकप्रिय बँड कार्यक्रम करून घरी परतत होता. सैनिकी वेशातल्या बंदूकधाऱ्यांनी खोटा नाका लावून त्यांची गाडी अडवली आणि तिघांना मारलं. त्या बँडमध्ये दोन्ही समाजांचे वादक होते.

रोरी मात्र येत राहिला. तरुणपणी त्याचा टेस्ट हा बँड याच शहरात राहून घडला होता, ही ओळख तो विसरला नाही. अल्स्टर हॉल या सभागृहात तो वाजवायचा आणि दोन्ही बाजूंची पोरं एका छपराखाली यायची. एरवी नावावरून, शाळेवरून, राहत्या गल्लीवरून समोरचा कुठला हे ताडलं जायचं. त्या दोन-तीन तासांत ते कुणी विचारत नसे, असं तिथले लोक अजून सांगतात. आम्हाला या पोरांइतकंच त्यांच्या आयांचं वाटतं. मुलगी परत येईपर्यंत दारात उभ्या राहिलेल्या त्या बायकांची आठवण कुणी लिहून ठेवलीय का, कोण जाणे. आपल्याकडं रात्रीच्या भजनाला जायचं तरी घरात किती चर्चा होते, मग तिथं परवानगी कशी मिळत असेल!

१९७४ च्या जानेवारीत बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या त्याच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण झालं, चित्रपटही निघाला. 'आयरिश टूर ७४' या नावानं ते मिळतं. परवा आम्ही लावलं होतं ते त्यातलंच.

शेवटची वर्षं चांगली गेली नाहीत. विमानाची भीती बसली, त्यावरच्या गोळ्या आणि दारू यांनी यकृत खराब झालं. यकृत बदलल्यावर जंतुसंसर्ग होऊन १९९५ च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा अवघा ४७ वर्षांचा होता. कॉर्कजवळ त्याला पुरलं.

बॅलिशॅननला त्याचा पुतळा आहेच. २०२५ च्या जानेवारीत बेलफास्टच्या लोकांनीही त्याचा पुतळा उभारला, अल्स्टर हॉलच्या बाहेर, फुटपाथवर. तो फोन करणाऱ्या ताईंसाठी येत्या शनिवारी तेच वाजवणं पुन्हा लावतोय. गळा गप्प झाला की गिटार काय म्हणते तिकडं कान द्या, आणि रडतेय का भांडतेय ते आम्हाला कळवा.